वजा केलेलं पाणी

नळीतलं पाणी निळं झालं, आणि ते निलोफरच्या आधी तिच्या गाईडनी, खैरनार सरांनी पाहिलं. मान न वळवता, ओठ जेमतेम हलवत ते म्हणाले, "झीरो कर."

"सर, हे नुसतं पाणी आहे. द्राक्षं अजून घातलीच नाहीत."

"म्हणूनच सांगतोय. झीरो कर. नाना बघतायत."

कारभारीनाना बघतच होते. पिंपळगावच्या अलीकडे त्यांची भलीमोठी बाग, बागेच्या तोंडाशी पत्र्याची शेड, शेडमध्ये टेबल, आणि टेबलावर पाहुण्यांच्या यंत्रासाठी म्हणून घरातली नवी चादर अंथरलेली. चादरीवर ती पेटी. जेवणाच्या डब्याएवढी, अॅल्युमिनियमची. तिचं कवच निलोफरच्या नवऱ्यानं, लियाकतनं, अंबडच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथवर कातून दिलं होतं. आतलं सगळं मात्र निलोफरचं. एका अंगाला बारीक दिवा, समोरच्या अंगाला प्रकाश मोजणारा डोळा, मधोमध काचेची नळी, आणि नळीत सोनं. दागिन्यातलं नव्हे. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक कण. हे कण सुटे सुटे असले की त्यांच्यातून येणारा प्रकाश कोकम सरबतासारखा लाल दिसतो. एकमेकांना चिकटले की निळा. बागेत किडीसाठी फवारतात त्या औषधाचा नुसता अंश जरी आला, तरी कण एकमेकांना बिलगावेत, असा लेप निलोफरनं त्यांच्यावर चढवला होता. लेप बदलला की हीच पेटी उद्या रक्तातलं दुखणं सांगेल, नदीतलं विष सांगेल, असं ती रात्रंदिवस घोकत आली होती. पोटात अमीर होता तेव्हा तो लाथा मारायचा आणि ही पोटाला पेटी टेकवून वाचन घ्यायची.

पद्धत साधी होती. आधी कोऱ्या पाण्याचं वाचन घ्यायचं, ते शून्य धरायचं. मग त्याच पाण्यात द्राक्षं खळबळून त्याचं वाचन घ्यायचं. वरती जे निघेल ते द्राक्षांवरचं. कोऱ्या पाण्यासाठी कॉलेजातून शुद्ध पाण्याचा कॅन आणला होता, पण तो जीपमध्येच कलंडला. सर म्हणाले, "विहिरीचं घे ना. कसलंही असो, वजाच होणार आहे."

आणि आता ते कोरं पाणी निळं होतं. द्राक्षाचा एक मणीही त्यात पडला नव्हता.

निलोफरनं बटण दाबलं. पेटीवर शून्य आलं. मग नानांच्या सुनीलनं, थोरल्या मुलानं, घड खळबळून दिला. पुन्हा वाचन. जवळजवळ शून्यच.

"घ्या!" नानांनी मांडीवर थाप मारली. "क्लीन! अहो सर, एक्स्पोर्टच्या मालाचा लॅबला नमुना पाठवायचा आणि आठवडाभर देव पाण्यात घालून बसायचं, ती कटकटच गेली. युरोपातली गोरी पोरं आता बिनघोर खातील आमचा माल. ए सुनील, चहा सांग. मॅडमला दूध जास्त, लेकुरवाळ्या आहेत त्या."

चहा आला. निलोफरच्या समोर, शेडला लागून, विहिरीच्या मोटरचा नळ होता. नळाखाली प्लास्टिकची कळशी धरून एक बाई उभी होती. पेठच्या डोंगरातनं हंगामाला आलेल्या मजुरांतली, नाव भागीबाई. पाठीला फडक्यात बांधलेलं तान्हं, आणि पदराला धरून तीनेक वर्षांची पोर. पोरीच्या तोंडातनं लाळ गळत होती, डोळ्यांतनंही पाणी. कळशी भरायच्या आतच तिनं ओंजळ धरली आणि घटाघटा प्यायली.

"सर्दी झाली का हिला?" निलोफरनं विचारलं.

"नाय वं ताय. लाळ गळती, जुलाब व्हत्यात. दाढा येत आसतील." भागीबाईनं निलोफरच्या कुडत्याकडं पाहिलं. छातीशी दोन ओले डाग उमटले होते. ती हसली. "तुझं बी घरी रडत आसल बघ."

निलोफरनं ओढणी सारखी केली आणि हातातला कप खाली ठेवला. अर्धा चहा पोटात गेला होता. काल-परवा बाग बघायला आली होती, तेव्हाही गेला होता.

*

जीप आडगाव नाक्याला आल्यावर ती सरांकडे वळली. मग एकदम म्हणाली, "सर, त्या पाण्यात औषध आहे."

"क्षार आहेत. तुझे कण खाऱ्या पाण्यातही गोळा होतात, हे तूच पहिल्या सेमिनारला सांगितलं होतंस."

"लेपानंतर होत नाहीत."

"फार खारट असेल तर होतात. नीलू, ऐक." सरांचा आवाज मऊ झाला. मऊ झाला की निलोफरला जास्त राग यायचा. "नाना बागाईतदारांच्या संघात आहेत. त्यांनी होकार दिला की निर्यातीचा माल भरणाऱ्या दहा पॅकहाऊसमध्ये आपल्या पेट्या लागतात. तुझी पीएचडी त्याच्यात आली, पेपर आला, सगळं आलं. आपण द्राक्षं मोजायला गेलो होतो. विहिरी मोजायला नाही."

"पण सर, ती पोरं ते पाणी पितायत!"

"बाळंतपणानंतर बायका जरा हळव्या होतात. माझी बायकोही झाली होती."

निलोफरच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, इतकं घाण की ते उर्दूतच येत होतं. तिनं ते गिळलं. गिळल्याचाही राग आला.

चौक मंडईतल्या घरी अमीर रडून लाल झालेला. सासू, हमीदा, त्याला खांद्यावर थोपटत दारातच उभी. "आ गयी तेरी अम्मी. ले, संभाल अपने नवाब को." निलोफरनं हात धुतले, पुन्हा धुतले, त्याला जवळ घेतलं. त्यानं डोळे मिटून, मूठ तिच्या गळ्याशी ठेवून प्यायला सुरुवात केली, आणि तो लहानगा घोट घोट आवाज ऐकताना तिला तो अर्धा कप चहा आठवला. पाणी उकळून हे जात नसतं. तिच्या अंगात जे गेलं ते किती, दुधात त्यातलं किती, कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिच्याही पेटीला नाही. त्याला छातीपासून काढावं की पिऊ द्यावं, हेही तिला कळेना. त्याची पापणी थरथरली. तिनं पिऊ दिलं, आणि पिऊ देताना तिला असं वाटलं, की आत्ता खैरनार सर समोर असते तर तिनं त्यांचा चष्मा फोडला असता.

लियाकत कामावरून आला, तिचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "कोणाला मारायचंय? नाव सांग, पाना घेऊन येतो."

तिनं सांगितलं. तो हसायचा थांबला.

"खारं पाणी म्हणतात ना? मग दुसरं तेवढंच खारं पाणी आण. ते लाल राहिलं तर?"

इतकं सोपं होतं. रागाच्या भरात तिला सुचलं नव्हतं. "तू दहावी नापास कसा झालास रे?"

"इंग्लिश," लियाकत म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं सकाळीच गेली. सर जीपनं मागून येणार होते, पॅकहाऊसच्या लोकांना घेऊन. नानांच्या बांधाला लागून दुसऱ्याची बाग, त्याचीही विहीर. तिथलं पाणी बाटलीत घेतलं. खारटपणा मोजायचं पेनासारखं मीटर दोन्ही पाण्यांत बुडवलं. दोन्ही सारखीच खारी. शेजारची थोडी जास्तच. मग दोन नळ्या. शेजारच्या विहिरीची लाल राहिली. छान, स्वच्छ लाल. नानांच्या विहिरीची तिच्या डोळ्यांदेखत जांभळी झाली, मग निळी, आणि कालच्यापेक्षा गडद.

तिनं पुन्हा केलं. मग पुन्हा.

शेडच्या पलीकडे सुनील ब्लोअर भरत होता. ट्रॅक्टरच्या मागची ती मोठी पिवळी टाकी. मोटरचा पाईप टाकीच्या तोंडातनं आत सोडलेला, तळापर्यंत. मिलीबग किडीचं औषध टाकीत आधीच ओतलेलं, वरून विहिरीचं पाणी पडत होतं, पांढरा फेस वर चढत होता. तेवढ्यात लाईट गेली. मोटर घरघरून थांबली.

आणि पाईपानं गुडगुड आवाज केला. निलोफर बघत राहिली. टाकीतला फेस खाली जाऊ लागला. भरत आलेली टाकी आपोआप रिकामी होत होती.

"सुनीलभाऊ! हे कुठं चाललंय?"

"ते व्हय?" सुनील बांधावर बसून तंबाखू मळत होता. "विहिरीत. पाणी माघारी जाऊ न देणारा खालचा फूटव्हॉल्व्ह गळका हाय. लाईट गेली का विहीर आपलं पाणी परत ओढून घेती. टाकी परत भरायची, दुसरं काय. या लोडशेडिंगनं पार वाट लावली मॅडम."

"नुसतं पाणी नाही जात! औषध जातंय त्यात!"

"थोडंफार जात आसल." सुनीलनं तंबाखू थोपटली. "एवढी मोठी विहीर हाय. समुद्रात चिमूटभर मीठ."

निलोफर पळत गेली आणि तिनं पाईप टाकीतनं ओढून बाहेर काढला. पांढरं पाणी तिच्या सलवारीवर सांडलं. सुनील "ओ, ओ मॅडम!" करत उठला. तिला दिसत होतं ते एवढंच, की दिवसातनं किती वेळा लाईट जाते, आणि दर वेळी ही विहीर एक घोट घेते.

तेवढ्यात जीप आली. सर उतरले, पॅकहाऊसचे दोघे उतरले, बंगल्यातनं नाना आले. निलोफरनं कुणाला नमस्कारही केला नाही. चादरीवर दोन नळ्या ठेवल्या.

"ही शेजारची विहीर. ही तुमची. खारटपणा सारखा. आता सांगा सर, क्षार आहेत म्हणून."

सर नळ्यांकडे बघत राहिले. खैरनार सर मूर्ख नव्हते, हीच तर चीड होती. त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि म्हणाले, "एकदोन वाचनांवरून असा निष्कर्ष काढत नाहीत, निलोफर. आपण यावर कॉलेजात बोलू."

"औषध पाईपातनं परत विहिरीत जातं. मी आत्ता पाहिलं. सुनीलभाऊंना विचारा."

नानांनी मुलाकडं पाहिलं. सुनील बुटाच्या टोकानं माती उकरायला लागला. मग नाना लगबगीनं बंगल्याच्या मागच्या दारापाशी गेले. तिथनं त्यांचा आवाज स्पष्ट आला. "अगं, तो माठ ओतून टाक. होय, सगळा. चिंट्याची दुधाची बाटली कशात धुतली? परत धू. पिंपळगावातनं जार येतील आता, तोवर कुणी नळाला तोंड लावू नका."

मग ते परत आले, खुर्चीत बसले आणि हसले. "बरं झालं मॅडम, तुम्ही सांगितलंत. घरचं माणूस समजूनच सांगितलंत. फूटव्हॉल्व्ह बदलून टाकतो, विहीर उपसून घेतो. हंगाम उरकला की लगेच."

"आणि मजूर?"

"त्यांना कशाला आत्ता? डिपिंग चालू आहे. आज-उद्यात घड बुडवून झाले नाहीत तर मणी फुगायचे नाहीत, अख्खा माल बारीक राहील. ही डोंगरातली माणसं, एकाला भ्या वाटलं का सगळी पाट्या उचलून चालू पडतात. त्यांना सवय असते हो. आमच्यासारखी नाजूक नसतात ती."

कालपासून निलोफरला वाटत होतं, यांना पटत नाही म्हणून हे असं बोलतात. पटवलं की होईल. पण यांना पटलं होतं! माठ ओतला होता. नातवाची बाटली धुवायला लावली होती. पटल्यावरसुद्धा हा माणूस हसत होता.

ती मजुरांच्या दिशेनं निघाली.

"निलोफर, बस," सर म्हणाले.

"तुमच्या नातवाचं पोट आणि तिच्या पोरीचं पोट, नाना, मी दोन्हींतलं पाणी नळीत घालून दाखवू का? रंग वेगळा येतो का बघू."

"निलोफर! इथनं गेलीस तर उद्या लॅबची किल्ली टेबलावर ठेवायची."

"आत्ताच घ्या," ती म्हणाली. पर्समध्ये किल्ली सापडेना. अमीरचं टोपडं निघालं, ग्राइप वॉटरची बाटली निघाली, मग किल्ली. तिनं ती नव्या चादरीवर टाकली.

*

मंडपाखाली बाया ओळीनं उभ्या होत्या. हातात प्लास्टिकचे मग, मगात मणी फुगवायचं द्रावण, एकेक घड मगात बुडवायचा, हलकेच हलवायचा, सोडायचा, पुढचा. मान वर करून करून मानेचे दगड होतात. वेलीच्या खांबाला झोळी, झोळीत भागीबाईचं तान्हं. पोर खाली पोत्यावर निजलेली, पोट धरून. तिचा बाप मंगळू औषधाच्या बादल्या वाहत होता.

"भागीबाई, त्या नळाचं पाणी पिऊ नका. कुणीच. त्यात फवाऱ्याचं औषध उतरलंय."

हात थांबले. भागीबाईनं घड सोडला. "कवापासनं?"

"माहीत नाही. पण पाण्यात आहे हे मला कालच कळलं."

"कालच?" भागीबाई हातातला मग घेऊनच पुढं आली. "काल तू माझ्या पोरीला म्होरं उभं राहून इचारलंस, सर्दी झाली का. तवा ठावं व्हतं तुला?"

"शंका होती. खात्री नव्हती."

"तुझ्या पोराला दिलं आसतंस का तू, खात्री व्हईपत्तुर?"

कालपासून निलोफर सगळ्यांवर चिडली होती, आणि आता ही बाई तिच्यावर चिडली होती, आणि तिचं बरोबर होतं.

"नसतं दिलं," ती म्हणाली.

भागीबाई थुंकली. मग वळून तिनं आपल्या बोलीत बायांना काहीतरी सांगितलं, भरभर, दातांखाली शब्द चिरडत. निलोफरला त्यातलं निम्मंच कळलं, पण प्लास्टिकचा मग खाली ठेवल्याचा आवाज कळला. एक, मग दुसरा, मग सगळ्या ओळीचा. बाया वेलींच्या सावलीत मांडी घालून बसल्या.

नाना आले ते अर्धे पळतच. "ए, काय चाललंय? कालवलेलं द्रावण फुकट जाईल! ए भागी!"

"गाडी काढा," भागीबाई बसल्या जागेवरनं म्हणाली. "माझी पोर दवाखान्यात जाऊ द्या. तिच्या बापासंगं. मंग बाकीचं बोलू."

"अगं, दाढा येतायत तिला, तूच म्हणत होतीस."

"तवा मला कुणी सांगितलं नव्हतं."

"हंगाम आहे, बाई. समजून घे."

"हंगाम हाय म्हनून तर बसलो." मागनं कुणी म्हातारी म्हणाली, "उद्या बसून काय उपेग, मणी मोठं झाल्यावर!" आणि बाया हसल्या. रागानं हसल्या. नानांनी इतकी वर्षं त्यांना हसताना पाहिलं असेल, पण असं नसेल.

सुनीलनं घरची जीप काढली. मंगळूनं पोरीला उचललं, तिचं डोकं खांद्यावर लोंबत होतं. निलोफरनं एका कागदावर औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि मंगळूला तीनदा सांगितलं, "डॉक्टरला हेच आधी दाखवा. जुलाब म्हणू नका, हे दाखवा." जीप धुरळा उडवत गेली. मग पिण्याच्या पाण्याचा टँकर. नाना मोबाईलवर ओरडले, कुणाला तरी शिव्या घातल्या, आणि दुपार कलायच्या आत पॅकहाऊसवरनं टँकर आला.

निळ्या रंगाचा, बाजूला गंज आलेला. बाया उठल्या नाहीत.

"आता काय?" नाना.

"ह्योच टँकर फवाऱ्याला येतो," भागीबाई म्हणाली. "म्हागल्या पंधरवड्यात ह्यातनंच औषधाचं पाणी आणलं व्हतं."

"धुतलाय तो!"

"कोण म्हनतं?"

सगळ्या निलोफरकडं बघू लागल्या. ती पेटी घेऊन आली. टँकरची तोटी बराच वेळ वाहू दिली, मग पाणी घेतलं, नळीत घातलं. वाट पाहिली. रंग लाल राहिला. तिनं दुसरी नळी लावली. लाल. ओळखीचा लाल. शेडच्या दाराशी खैरनार सर उभे होते. तेही बघत होते, आणि जवळ येत नव्हते.

"चांगलं आहे," निलोफर म्हणाली. "प्या."

भागीबाई उठली, नळीपाशी वाकली, रंगाकडं पाहिलं. "ह्ये मला काय कळतंय? लाल काय नि निळं काय. काल बी तुझ्याजवळ ह्येच व्हतं." तिनं आपला जर्मनचा तांब्या तोटीखाली धरला, काठोकाठ भरला, आणि निलोफरच्या पुढं केला. "तुझं पोर अंगावर पितं ना?"

"हो."

"मंग तू पी."

निलोफरनं तांब्या घेतला. घरी अमीर असेल आता, दुपारची झोप होऊन जागा झालेला, मूठ तोंडात घालून वाट बघत. पेटीवर तिचा विश्वास होता. पण तांब्या ओठाशी आल्यावर तिला कळलं, की विश्वास असणं आणि पिणं यांत किती अंतर असतं, आणि ते अंतर या बायांना रोज, न विचारता, पार करायला लावलं होतं. तिनं डोळे उघडे ठेवले. पाणी कोमट होतं, लोखंडाची चव होती. ती थांबत थांबत, पण सगळं प्यायली.

भागीबाईनं तांब्या हातातनं काढून घेतला, उपडा करून पाहिला. मग तो भरून झोळीतल्या तान्ह्याशेजारी सावलीत ठेवला, पुन्हा भरून स्वतः प्यायली, आणि हात पुसत ओळीतल्या बाकीच्यांना म्हणाली, "या."